रामकथा, रिमोट आणि राज्यसंस्था

2024 च्या लोकसभा निवडणुकीत मेरठ मतदारसंघातून अरुण गोविल 10,585 मतांनी निवडून आले, तेव्हा राजधानीतील अनेक निरीक्षकांनी त्याची नोंद एका वलयांकित उमेदवाराचा विजय एवढीच घेतली. पण या विजयाची मुळे 25 जानेवारी 1987 पर्यंत मागे जातात. त्या रविवारी मंडी हाऊसमधून रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले आणि धर्मग्रंथांचा अर्थ लावण्याचे काम प्रथमच एका सरकारी माध्यमाकडे गेले.

वास्तविक रामकथेचा नवा अर्थ लावणे ही आपल्याकडे नवलाची बाब नाही. एकनाथांनी सोळाव्या शतकात भावार्थ रामायण रचले ते आपल्या काळातील मराठी श्रोत्यांसाठीच. सागर यांनीही श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांच्या जोडीला कंबन, कृत्तिवास आणि एकनाथांच्या या ग्रंथाचा उल्लेख केला होता. ही यादी राष्ट्रीय एकात्मतेच्या त्या काळातील सरकारी कल्पनेशी उत्तम जुळणारी होती. मात्र कीर्तनकार आणि मालिका यांत एक मूलभूत फरक आहे. शेजारच्या गावातील कीर्तनकार तोच प्रसंग वेगळा सांगू शकतो. 1987 साली बहुसंख्य प्रेक्षकांपुढे दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनीच नव्हती. एकाच वेळी, एकाच स्वरूपात साऱ्या देशासमोर आलेली ही पहिली रामकथा होय.

त्यामुळे तिच्यात काय घेतले आणि काय वगळले, याला असाधारण महत्त्व येते. अग्निपरीक्षेचा प्रसंग पाहावा. वाल्मीकींच्या युद्धकांडात रामाचे शब्द कठोर आहेत आणि सीतेचे उत्तर तितकेच तेजस्वी. मालिकेने येथे अध्यात्म रामायण आणि रामचरितमानसातील छायासीतेचा आधार घेतला. खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन केलेली असून तिला परत मिळवण्यासाठी ही परीक्षा, असे राम संतापलेल्या लक्ष्मणाला समजावतो. या निवडीला परंपरेचा आधार आहेच. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी मध्यमवर्गाला जो प्रश्न बोचत होता, तो तिने अलगद बाजूला सारला. सीतात्यागाच्या वेळी हीच युक्ती पुढे गेली. वाल्मीकींचा राम सीतेला कल्पना न देता तिला लक्ष्मणाकरवी वनात सोडतो. मालिकेतील सीता मात्र स्वतःच वनात जाण्याचा आग्रह धरते.

हे उत्तरकांड पडद्यावर आले, त्याची कथा तर शुद्ध राजकारणाची आहे. 31 जुलै 1988 रोजी राज्याभिषेकानंतर मालिका संपवण्यात आली. वाल्मीकी समाजाला हे मान्य नव्हते, कारण त्यांचे आराध्य महर्षी कथेत खऱ्या अर्थाने प्रवेश करतात ते लव-कुशांच्या भागातच. पंजाबातील सफाई कामगारांनी काम थांबवले, अन्य शहरांतही त्याचे पडसाद उमटले आणि सरकारला पुढील भागांना मान्यता द्यावी लागली. ग्रंथाचा शेवट कोठे करावा, हा प्रश्न विद्वत्सभेत नव्हे तर तुंबलेल्या गटारांच्या काठी सुटला. ज्यांच्या हाती झाडू आहे, त्यांनी आपल्या ऋषीचे स्थान राज्यसंस्थेकडून मागून घेतले, ही घटना आजही पुरेशी अभ्यासली गेलेली नाही.

2 ऑक्टोबर 1988 पासून आलेल्या बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारता'ची प्रकृती निराळी होती. संवादलेखक होते गाझीपूरचे राही मासूम रझा, आणि 'समय' हा निवेदक कल्पून त्यांनी ग्रंथाच्या गुंतागुंतीला एक आधुनिक, काहीसे तटस्थ रूप दिले. तथापि येथेही पडद्याने पोथीवर मात केली. मयसभेत द्रौपदी दुर्योधनाला उद्देशून आंधळ्याचा पुत्र आंधळा असे म्हणते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत मात्र हे वाक्य नाही. तेथे दुर्योधनाला हसतात ते भीमादी पांडव. द्रौपदीच्या हसण्याचा उल्लेख येतो तो दुर्योधनाने पित्याकडे केलेल्या तक्रारीत. हा प्रसंग मालिकेच्याही आधी लोकपरंपरेत रुजलेला होता हे खरे. पण युद्धाचा दोष एका स्त्रीच्या जिभेवर टाकणाऱ्या या वाक्यावर राष्ट्रीय प्रक्षेपणाची मोहोर उमटली.

राजकीय पक्षांना या सामर्थ्याची जाणीव व्हायला वेळ लागला नाही. पहिला प्रयत्न काँग्रेसचाच. 1988 च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत गोविल त्या पक्षाच्या प्रचारात उतरले, पण विश्वनाथ प्रताप सिंह विजयी झाले. पीक कापले ते भाजपने. 1991 मध्ये दीपिका चिखलिया बडोद्यातून, तर रावणाच्या भूमिकेतील अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून लोकसभेत गेले; 1996 मध्ये श्रीकृष्ण साकारणारे नितीश भारद्वाज जमशेदपूरहून आले. तरीही अयोध्या आंदोलन मालिकेतून जन्मले, असे म्हणणे अतिसुलभ ठरेल. ते आंदोलन मालिकेच्या आधीपासून चालू होते. मालिकेने त्याला प्रतिमांचा सामाईक साठा दिला, इतकेच म्हणता येते. आणि तेही काही कमी नव्हे.

या एकरूपतेची किंमत कोणी मोजली, हे दिल्ली विद्यापीठात दिसले. रामकथेच्या बहुविधतेवरील ए. के. रामानुजन यांचा निबंध 2011 मध्ये इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढण्यात आला. तो नेमल्याबद्दल 2008 मध्ये विभागात मोडतोड झाली होती, आणि पुढे नेमलेल्या तज्ज्ञ समितीतील चौघांपैकी एकाचाच निबंधाला विरोध होता. गंमत अशी की, रामायणे अनेक आहेत ही निबंधातील गोष्ट सागर यांच्या श्रेयनामावलीने दर रविवारी सांगितलेलीच होती.

उपग्रह वाहिन्यांच्या युगात पर्याय वाढले. 2015 मध्ये आलेल्या 'सिया के राम'ने कथा सीतेच्या दृष्टीने मांडू पाहिली. पण 28 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, सरकारने पुन्हा बाहेर काढली ती 1987 चीच मालिका, आणि तिला विक्रमी प्रेक्षक लाभले.

22 जानेवारी 2024 रोजी ग्रंथाची जागा विधीने घेतली. अर्धवट बांधलेल्या मंदिरात प्राणप्रतिष्ठा शास्त्रसंमत नाही, असा आक्षेप ज्योतिर्मठाच्या शंकराचार्यांनी घेतला होता, तर पुरीच्या शंकराचार्यांनीही सोहळ्याला न जाण्याचे जाहीर केले होते. गर्भगृह सिद्ध असल्याने विधीस बाधा येत नाही, असे समर्थकांचे प्रत्युत्तर होते. एके काळी असा वाद काशीच्या पंडितसभेत आठवडेच्या आठवडे चालला असता. या खेपेस पंतप्रधानांच्या उपस्थितीतील विधी दूरदर्शनवरून थेट घरोघरी पोहोचला आणि निमंत्रितांत गोविल व चिखलिया बसले होते. मेरठची उमेदवारी त्यानंतर दोनच महिन्यांनी जाहीर झाली.