मुरबाडकरांना कोणी विचारले?

पावसाळा लागला की मुंबईच्या वृत्तपत्रांत तलावांच्या पातळीचे आकडे नित्यनेमाने छापले जातात. भातसा, तानसा, वैतरणा ही नावे त्यामुळे गिरगाव-दादरच्या घराघरांत ठाऊक झाली आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही गोष्ट मात्र आतल्या पानावर, तीही जागा उरली तर येते. शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणाची कथा याहून वेगळी नाही. पाणी महानगर प्रदेशासाठी, बुडणारी जमीन मुरबाडची. २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते काम थांबले. या साऱ्याची वार्ता तेथील ठाकूर-कातकरी कुटुंबांना प्रथम कशातून कळली? वर्तमानपत्रातून, वाहिनीवरून, की थेट कुदळ-फावडी आल्यावर? याचे उत्तर सरकार देऊ शकत नाही, कारण हा प्रश्न विचारण्याची पद्धतच आपल्या देशात नाही.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. एकाच उद्योगसमूहाकडे किती वृत्तपत्रे आणि किती वाहिन्या असाव्यात, याचा खल दिल्लीत २००८ पासून चालू आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, त्या वर्षी चर्चापत्र काढले, २००९ मध्ये शिफारशी केल्या, ऑगस्ट २०१४ मध्ये अधिक तपशीलवार शिफारशी केल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा नवे चर्चापत्र काढले. २०१४ च्या शिफारशींचा कायदा झाला नाही. परिणामी चित्र असे विचित्र आहे की, बातम्या देणाऱ्या वृत्तपत्रात परकीय भांडवलाला २००२ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे; परंतु एखाद्या राज्यातील सर्वाधिक खपाचे दैनिक आणि सर्वाधिक पाहिली जाणारी वृत्तवाहिनी एकाच स्वदेशी घराण्याच्या हाती असण्यास कसलीही आडकाठी नाही.

मर्यादा घालायची तर प्रथम मोजावे लागते. मोजमाप कोणाचे? वाचकसंख्येची पाहणी जाहिरातदार, जाहिरातसंस्था आणि प्रकाशक यांची संघटना करीत आली. २०१३ च्या पाहणीचे आकडे जाहीर होताच बड्या वृत्तपत्रांनीच ते धुडकावले. दूरचित्रवाणीचे मापन करणारी यंत्रे दीर्घकाळ प्रामुख्याने शहरांतच बसविली जात. ग्रामीण भागाचे नियमित आकडे ‘बार्क’ने दिले ते ऑक्टोबर २०१५ पासून. तोपर्यंत सरळगाव वा किन्हवलीच्या घरात संध्याकाळी कोणती वाहिनी लागते, याची बाजाराला फिकीर नव्हती. साबण विकणाऱ्याला ती नसेल तर समजू शकते. पण लोकशाहीचा नियम त्याच आकड्यांवर बेतायचा काय? पुढे २०२० मध्ये याच आकड्यांत घोटाळा केल्याचे आरोप झाले आणि वृत्तवाहिन्यांचे मापन सुमारे दीड वर्ष बंद ठेवावे लागले.

मोजमापाविना केलेला नियम न्यायालयात टिकणेही अवघड. याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये, मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये म्हणून, पृष्ठसंख्या आणि किंमत यांची सांगड घालण्याची शिफारस केली. १९५६ मध्ये कायदा झाला, १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. त्याला आव्हान दिले ते कोणा धनाढ्य साखळी-पत्राने नव्हे, तर नानासाहेब परुळेकरांच्या पुण्याच्या ‘सकाळ’ने. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द केला. मक्तेदारी रोखण्याच्या नावाखाली खपावर घाला घालता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्याच्या रक्षणासाठी नियम केला, त्यालाच तो जाचक ठरला!

तथापि पाहणी केली म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. अमेरिकेत २००२ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने तीन हजारांहून अधिक नागरिकांना ते बातम्या कशातून घेतात हे विचारले आणि उत्तरांवरून माध्यमवैविध्याचा एक निर्देशांक रचून २००३ मध्ये मालकीचे नियम सैल केले. दूरचित्रवाणीला किती वजन, वृत्तपत्राला किती, हे पाहणीवरून ठरले. पण त्या-त्या माध्यमातील प्रत्येक केंद्राला, त्याचे प्रेक्षक मोजके असोत वा लाखो, सारखाच वाटा दिला गेला. परिणामी न्यूयॉर्क परिसरात एका महाविद्यालयाच्या दूरचित्रवाणी केंद्राचे वजन ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समूहाहून अधिक भरले. २००४ मध्ये न्यायालयाने हे गणित अमान्य करून नियम परत पाठविले. ब्रिटनमधील ‘ऑफकॉम’ मात्र दरवर्षी पाहणी करून नागरिक प्रत्यक्ष कोणत्या पत्राचे, कोणत्या वाहिनीचे नाव घेतात हे नोंदविते, आणि मालकीच्या नियमांचा दर तीन वर्षांनी आढावा घेणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.

सरकारने घरोघर जाऊन ‘कोणते पत्र वाचता’ असे विचारावे, ही कल्पना काहींना रुचणार नाही. आणीबाणीची सेन्सॉरशिप ज्यांनी सोसली, त्यांना तर मुळीच नाही. ही शंका रास्त आहे. म्हणूनच हे काम माहिती खात्याकडे असता कामा नये. राष्ट्रीय नमुना पाहणीची यंत्रणा घराचा खर्च विचारते, आजार विचारते. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने उत्तरदात्याची ओळख गुप्त ठेवण्याची हमी आहे. जनगणनेत घरी रेडिओ आहे का, दूरचित्रवाणी आहे का, हे २००१ पासून विचारले जाते. संच आहे हे कळते, त्यातून काय येते हे कळत नाही. पुढचा प्रश्न विचारण्यास नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

फक्त नमुना निवडताना एक दक्षता हवी. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई यांच्या लोकसंख्येपुढे मुरबाड-शहापूर नगण्य ठरतात. जिल्ह्याची एक सरासरी काढली तर टोकावडे, धसई, डोळखांबची उत्तरे तीत दिसेनाशी होतील. ग्रामीण तालुक्यांचा नमुना स्वतंत्र घ्यावा, प्रश्न मराठीत आणि बोलीत तोंडी विचारावेत, आणि ‘बातमी कशातून घेता’ एवढ्यावर न थांबता गावच्या पाण्याची, जमिनीची, रस्त्याची शेवटची बातमी कोणी दिली, हे विचारावे. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश असे उत्तर आले, तर तो मुळात कोणत्या पत्राचा वा वाहिनीचा होता, हेही नोंदवावे. अन्यथा मालकीचा प्रश्न तेथेच निसटेल.