व्यवसाय : गृहिणी

गर्भवतीच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात आपण बहुतेकदा ‘गृहिणी’ एवढेच लिहितो आणि पुढे सरकतो. विचारलेच तर तीही म्हणते, “काही नाही, घरीच असते.” मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटाची तपासणी, लोहाच्या गोळ्या, आणि ती उठता उठता आपले ठरलेले वाक्य : “जड उचलू नका, आराम करा.” या वाक्याचा तिला काहीही उपयोग होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. जड म्हणजे किती, हे आपण सांगत नाही. आराम करायचा तर पाणी कोण भरणार, हे विचारत नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पाच तासांची ही पाळी सातव्या महिन्यातही सुटत नाही. कारखान्यात किंवा कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रीला मातृत्व लाभाच्या कायद्याचा आधार आहे. प्रसूतीआधीच्या ठरावीक काळात तिने मागणी केली, तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. स्वयंपाकघरात असे संरक्षण देणारे कोणी असेल, तर तपासणी करणारे आपणच.

म्हणून पहिली विनंती : प्रसूतीचा पूर्वेतिहास घेतो तसा कामाचाही घ्या. पाणी कुठून आणता? हंडा कोण उचलून देते? स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? कपडे धुता ती जागा कशी आहे? दुपारी पाठ टेकायला मिळते का? याला दोन मिनिटे लागतात.

पाण्यापाशी थोडे थांबू. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या पुढाकाराने २०१३ च्या सुमारास गरोदरपणातील वजन उचलण्याच्या तात्पुरत्या मर्यादा मांडल्या गेल्या. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात, वजन अंगालगत धरून आणि अधूनमधूनच उचलायचे असेल, तर २० आठवड्यांपर्यंत सुमारे १६ किलो आणि त्यानंतर सुमारे १२ किलो. दिवसभर पुन्हा पुन्हा उचलायचे असेल, तर हेच आकडे साधारण ८ आणि ६ किलोंवर येतात. शिवाय जमिनीलगतून उचलणे आणि डोक्याच्या वर नेणे टाळावे, असेही त्यात आहे. आता पंधरा लिटरचा हंडा डोळ्यांसमोर आणा. पाणीच पंधरा किलो, भांड्याचे वजन वेगळे. तो जमिनीवरून उचलायचा, डोक्यावर चढवायचा आणि खेपा तर मोजायच्याच नाहीत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हेच चालते, आणि ती बाई आपल्या नोंदीत ‘घरीच असते’. भरलेल्या गॅस सिलिंडरचे वजन तर तीस किलोंच्या घरात जाते. तो सरकवणे हे तिचे काम नाही, असे नवऱ्याला समोर बसवून सांगावे.

वजनाइतकाच तोलाचा प्रश्न. पोट वाढते तसा शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, कंबरेचे आणि ओटीपोटाचे सांधे सैलावतात. त्यामुळे शेवाळलेली मोरी, ओली फरशी आणि माळ्यावरचा डबा काढायला घेतलेले स्टूल यांचा धोका वाढतो. माळा प्रसूती होईपर्यंत बंदच ठेवावा. ओट्याशी तासभर उभे राहिले की रक्त पायांत साचते, सूज आणि चक्कर येते. भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे बसून करावे. उभे राहावेच लागले तर एक पाय पाटावर ठेवून आलटून पालटून बदलावा. बादली अर्धीच भरावी. उकिडवे बसून कपडे धुतल्यावर आधार धरून, सावकाश उठावे.

चुलीच्या धुराबद्दल आपण कमी बोलतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि बाळाकडे जाणारा प्राणवायू घटतो. कमी वजनाच्या बाळांशी या धुराचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२ टक्के गर्भवतींत रक्तक्षय आढळला. मुळातच रक्त कमी, त्यात धूर. सिलिंडर घरात असूनही परवडत नाही म्हणून चूल पेटते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. शहरातल्या घरांत प्रश्न वेगळा : संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतले की क्लोरीन वायू सुटतो. कीटकनाशकाची फवारणी घरातल्या दुसऱ्या कोणी करावी, आणि वास जाईपर्यंत तिने बाहेर थांबावे.

उलट टोकाचा सल्लाही तितकाच चुकीचा. निरोगी गर्भवतीला महिनोन्‌महिने झोपवून ठेवल्याने बाळंतपण सुखरूप होत नाही. पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. चालणे, झाडणे, स्वयंपाक यांत गैर काही नाही. नवव्या महिन्यात बसून फरशी पुसली की प्रसूती सोपी होते, असे सासूबाई सांगतात. तसा भरवशाचा पुरावा नाही, पण तिला झेपत असेल आणि फरशी कोरडी होईपर्यंत ती त्यावरून चालणार नसेल, तर त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. तो वेळ सासूबाईंना हंड्याचे गणित समजावण्यात घालवावा. वार खाली असेल, मुदतपूर्व कळांचा त्रास असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर मात्र हे सगळे नियम बाजूला ठेवून कामाचा सल्ला तिच्यापुरता वेगळा लिहून द्यावा. काम करताना रक्त किंवा पाणी गेले, ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हातातले काम तिथेच टाकून दवाखाना गाठायचा, हे प्रत्येकीला ठाऊक हवे.

आणि जिथे नळच नाही, तिथे एकट्या कुटुंबाला सल्ला देऊन भागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आशाताई असतात, आणि गावातल्या गर्भवतींची यादीही त्यांच्यापाशी असते. मार्चच्या बैठकीत ती यादी पाण्याच्या विषयासोबत मांडता येईल : टँकर आला की या घरांचे पाणी आधी, आणि ते दारापर्यंत पोचवणार कोण, त्याचे नाव त्याच बैठकीत लिहून घ्यायचे.