जुनी मोटार चालती ठेवा

जुनी मोटार बाळगणें ही निव्वळ उधळपट्टी होय, असें कित्येक सुज्ञ गृहस्थ म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र ती गाडी चालती असली पाहिजे.

मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत पूर्वीं तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचेंच उदाहरण घ्या. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ची. इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ सी. सी. चें. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ सालीं निवृत्त झाली, तरी हौशी मंडळींच्या दारीं अद्याप दिसते. पुष्कळदां ती आच्छादनाखालीं नुसती उभी असते आणि तेथेंच तिचा ऱ्हास होतो. बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरांतील पेट्रोल सुकून बारीक छिद्रें बुजतात, ब्रेकच्या सिलिंडरांस गंज चढतो. हल्लीं पेट्रोलांत मिसळलेलें इथेनॉल ओलावा शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्यांस बाधतें. अभ्यासावांचून विद्या मलिन व्हावी, तशीच ही गत.

यास्तव आठवड्यांतून एकदां, इंजिन पुरतें तापेपर्यंत गाडी फिरवावी. निघण्यापूर्वीं तेल, पाणी व ब्रेक स्वतः पाहावे. प्लग साफ करणें, पॉइंटांतील अंतर जुळविणें, हीं कामें घरच्या मुलांमुलींसही शिकवितां येतात. कोणत्या कारणानें कोणतें कार्य घडतें, हें येथें डोळ्यांस दिसतें. नव्या गाड्यांत तें बहुधा संगणकाच्या पोटांत दडलेलें असतें.

आणखी एक. ही विद्या जाणणारे कारागीर आतां वृद्ध होत चालले आहेत. त्यांस काम मिळालें तरच ती पुढें टिकेल. वाचकांपैकीं कोणाच्या दारीं अशी गाडी असल्यास त्यांनीं अशा कारागिरास बोलवावें आणि तो काम करीत असतां मुलांस जवळ बसवावें, अशी आमची सूचना आहे.