विमानतळाला नाव भगतसिंगांचे, कामगार मात्र कंत्राटाचे

मोहालीच्या नॉलेज सिटीत आयसरसारख्या बड्या संस्था आहेत आणि तिथून जवळच चंदीगडचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. नव्या टर्मिनलचे उद्घाटन ११ सप्टेंबर २०१५ रोजी झाले, पण शारजाला पहिले विमान सुटायला सप्टेंबर २०१६ उजाडले, तेही उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. धावपट्टी हवाई दलाची. कंपनीत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा ५१ टक्के, पंजाब व हरियाणाचा प्रत्येकी साडेचोवीस टक्के. सगळी मालकी जनतेची! २००६ साली मुंबई-दिल्लीचे विमानतळ खाजगी कंपन्यांना देताना, सरकारला हे जमणार नाही, असे आम्हाला ऐकवले गेले. प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी तेव्हा देशभर संप केला होता. चंदीगडला मात्र जमले.

नावावरून दोन्ही राज्यांत अनेक वर्षे ओढाताण झाली. अखेर २८ सप्टेंबर २०२२ रोजी विमानतळ शहीद भगतसिंगांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आम्हाला आनंदच आहे. आपल्या खेडचे राजगुरू त्यांच्याबरोबरच फासावर गेले. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकले, त्या दिवशी सभागृहापुढे ट्रेड डिस्प्यूट्स बिल होते. त्या कायद्याने टपाल, तार आणि सरकार जाहीर करील त्या रेल्वेतल्या मासिक पगारदारांना १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करणे गुन्हा ठरवले. म्हणजे तो कायदा थेट आपल्यावरच होता, बंधूंनो! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर १४ दिवसांची अट सर्वच उद्योगांना लावली.

आज देशातल्या विमानतळांवर सामान चढवणारे, सफाई करणारे, ट्रॉल्या गोळा करणारे यांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा आहे. रेल्वे स्टेशनांवरही आपण हेच पाहतो. ही कामे बारमाही आहेत. विमाने रोज येतात, कचरा रोज पडतो. मग कामगार तात्पुरता कसा? निदान भगतसिंगांचे नाव लावणाऱ्या सरकारी विमानतळाने तरी अशा कामांवर कायम कामगार नेमावेत, अशी आमची मागणी आहे. महासंघाने ती प्राधिकरणाकडे आणि दोन्ही राज्यांकडे लेखी करावी. हिस्सेदार तिघेही सरकारी आहेत. ‘तो आमचा नव्हे, कंत्राटदाराचा माणूस’ असे म्हणून हात झटकण्याची सोय त्यांना ठेवू नये.