स्टिकरवर नसलेला आकडा

इंजिनिअरिंगचे प्रवेश उरकत आले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत बाप-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. मुलगा कॅडचं, मशीन लर्निंगचं नाव घेत असतो, बाप किमतीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत असतो. घेतलेल्या लॅपटॉपवर रात्री 'व्हॅलोरंट' हा गेम चालणार हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यात वावगं काही नाही. गेममधली भिंत आणि तिच्यावर पडणारी सावली जी ग्राफिक्स चिप रंगवते, तीच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं दृश्य भराभर तयार करते आणि न्यूरल नेटवर्कची गणितंही सोडवते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा गेम बघितला, तर खेळणं आणि कमावणं यांत फार मोठी भिंत नाही हे बापालाही पटेल.

खटकतं ते वेगळंच. लाखाच्या आसपासची ही खरेदी पहिल्या दर्शनावर होते आणि ते दर्शन मुद्दाम घडवलेलं असतं.

दुकानातल्या टेबलावरचा गेमिंग लॅपटॉप बघा. कीबोर्डखाली रंग बदलणारे दिवे, पडद्यावर तोच तो दोन मिनिटांचा झगमगाटी व्हिडिओ, मनगट टेकायच्या जागेवर चार-पाच स्टिकर. त्यातल्या एकावर 'आरटीएक्स ४०६०' असं लिहिलेलं. विक्रेता त्याच्यावर बोट ठेवून सांगतो, 'फोर्टी-सिक्स्टी आहे साहेब, सगळं पळतं.' गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण शेजारच्या, दहा-पंधरा हजारांनी महाग असलेल्या यंत्रावरही तोच आकडा आहे. मग महाग कशाला घ्यायचं?

तर वॅटसाठी. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्याच तपशिलानुसार लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६०ला ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज देता येते आणि काही यंत्रांत 'डायनॅमिक बूस्ट' धरून ती १४० वॅटपर्यंत जाते. किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. बारीक, हलक्या यंत्रात उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून तिथे ती कमी ठेवतात. जाड यंत्रात मोठे पंखे आणि तांब्याच्या नळ्या बसतात, म्हणून तिथे सढळ हाताने देतात. वॅट दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही, शंभराच्या पुढे तर फरक झपाट्याने आटतो. पण ५० आणि १०० यांतली तफावत कोणत्याही जड गेममध्ये उघड्या डोळ्यांना दिसते. चिप तीच, नाव तेच, स्टिकर तोच, आणि तरी काम वेगळं.

वरच्या श्रेणीत हा नावांचा घोळ आणखी मजेदार होतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९०मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे आणि ते कार्ड ४५० वॅट ओढतं. 'आरटीएक्स ४०९० लॅपटॉप' म्हणून जे विकलं जातं त्यात ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी. हे दोन्ही आकडे हुबेहूब डेस्कटॉपच्या ४०८०चे आहेत, आणि वीज मात्र त्याच्याही निम्म्याच्या आसपास. दप्तरात मावणाऱ्या यंत्रात ४५० वॅटची भट्टी पेटवता येत नाही, हे समजण्यासारखं आहे. मग नाव का तेच ठेवायचं?

यावर पूर्वी ओरड झालेली आहे. कमी विजेवर चालणाऱ्या चिपना एनव्हिडिया २०१७ पासून 'मॅक्स-क्यू' असं शेपूट लावत असे, त्यामुळे निदान नावावरून अंदाज यायचा. २०२१ मध्ये ३० मालिका आली आणि ते शेपूट गळालं. टीका झाल्यावर कंपनीने लॅपटॉप उत्पादकांना वॅटचा आकडा आपापल्या संकेतस्थळांवर द्यायला सांगितलं. आता तो तिथे असतो खरा. तपशिलांच्या पानावर खाली, बारीक अक्षरांत. फ्रिजवर वर्षाला किती युनिट लागतील याचं लेबल चिकटवूनच तो विकायला येतो. मग ग्राफिक्स चिपच्या नावाशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत वॅट छापायला कंपन्यांना भाग पाडलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

घरी खोकं उघडल्यावर हातात जड लागतो तो चार्जर. लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास आणि त्याच्यासोबत २३० वॅटची विटेएवढी पेटी. लोकलच्या गर्दीत हे दोन्ही पाठीवर घेऊन रोज कॉलेज गाठायचं असेल, तर घेण्याआधी दुकानातच दोन्ही एकत्र उचलून बघावेत. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर पूर्ण जोरात खेळायचं, तर तीन जुने पंखे जादा चालवल्याइतका भार पडतो.

चार्जर काढून खेळू म्हणणाऱ्यांचा तर पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होतो. साधा हिशेब आहे. विमानात परवानगीशिवाय शंभर वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून महागड्या यंत्रांतही ती ९९च्या घरात थांबते. स्वस्त यंत्रांत बहुधा ५० ते ६०. ग्राफिक्स आणि प्रोसेसर मिळून दीडशे वॅट ओढू लागले, तर अशी बॅटरी अर्धा तासही टिकणार नाही. म्हणून प्लग काढला की यंत्र स्वतःच वीज आवरतं आणि मगाशी झुळझुळीत चाललेला गेम अडखळू लागतो. हा बिघाड नाही. पण दुकानात कुणी प्लग काढून दाखवत नाही.

एक बटणही हटकून राहून जातं. लेनोव्होच्या लीजन किंवा एलओक्यू लॅपटॉपवर एफएन आणि क्यू एकत्र दाबलं की पॉवर बटणाचा दिवा रंग बदलतो: निळा म्हणजे शांत, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे पूर्ण जोर. दिवा निळा असताना वेग मोजून यंत्राला नावं ठेवणारे बरेच असतात. लाल केलं की पंख्यांचा आवाज एवढा चढतो की शेजारी बसलेल्याशी मोठ्याने बोलावं लागतं.

हवामानाचा विचार तर कुणाच्या गावीच नसतो. बहुतेक चाचण्या एसीच्या खोलीत होतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांना साधारण १०० अंश सेल्सिअसची मर्यादा असते. तिथे पोचलं की ते स्वतःहून वेग कमी करतात. मे महिन्यात अकोला, चंद्रपुरात पारा ४५च्या वर जातो. तिथल्या स्लॅबखालच्या खोलीत पंखे आत ओढणार ती हवाच तापलेली. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायची सवय असली तर संपलंच, कारण हवा आत घेणारी जाळी तळाशी असते आणि गादी ती बुजवून टाकते.

म्हणून परतीची किंवा बदलीची मुदत संपायच्या आत थोडी तपासणी करून घ्यावी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडलं की 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर'समोर खरे वॅट दिसतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं आणि 'स्लॉट्स यूज्ड'पुढे दोनपैकी एक असं आलं, तर कंपनीने रॅमची एकच पट्टी बसवली आहे. दुसरी टाकली की अनेक गेममध्ये फरक जाणवतो. पडद्याच्या तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर १४४ हर्ट्झचं कौतुक आवरतं घ्यावं. तो पडदा हलती चित्रं सफाईने दाखवेल, पण रंग फिकेच. फोटो किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याने अशा पडद्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि विक्रेता थोडे पैसे वाढवून '४०७०' घ्या म्हणाला तर त्याला मेमरी विचारावी. डेस्कटॉपच्या ४०७०मध्ये १२ जीबी असते, लॅपटॉपच्या ४०७०मध्ये मात्र ४०६०इतकीच, आठ. कोअर जास्त आहेत, नाही असं नाही. पण बहुतेक मुलांसाठी चांगल्या पडद्याचा, पुरेशा वॅटचा ४०६० घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी टाकावी, हाच व्यवहार जास्त शहाणपणाचा.