तिसऱ्या फेरीचें मौन

मोटारींच्या शर्यतीसारखा विषय या सदरांत कशास, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. कर्णकर्कश आवाज आणि जीव धोक्यांत घालण्याची हौस यांपलीकडे त्या खेळांत कांहीं नाहीं, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. आम्हांस मात्र त्या खेळाच्या निमित्तानें एका निराळ्याच प्रश्नाकडे वळावयाचें आहे. गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवावी, हा तो प्रश्न होय.

डेल अर्नहार्ट यांचा जन्म १९५१ सालीं अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यांतील कनॅपोलिस या कापडगिरणीच्या गांवीं झाला. वडील राल्फ हेहि शर्यतींत मोटार चालवीत. मुलानें शाळा अर्ध्यावर टाकून तोच मार्ग धरिला. वरून नेहमींच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या मोटारींच्या ज्या शर्यती 'नॅस्कार' ही संस्था भरविते, त्यांचें अजिंक्यपद त्यांनीं १९८० ते १९९४ या काळांत सात वेळां मिळविलें. त्यांची काळी गाडी व तिच्यावरील ३ हा आंकडा सर्वांच्या परिचयाचा झाला. पुढच्या गाडीस धक्का देऊन वाट काढण्यास ते कचरत नसत. त्यामुळें त्यांचा जयघोष करणारे पुष्कळ, तसे धिक्कार करणारेहि थोडे नव्हते. तरी डेटोना येथील मानाची शर्यत वीस वेळां उतरल्यावर १९९८ सालीं त्यांनीं एकदांची जिंकली, तेव्हां प्रतिस्पर्ध्यांचे कारागीर रांगेनें उभे राहिले आणि त्यांनीं त्यांच्याशीं हस्तांदोलन केलें.

त्याच डेटोना येथें १८ फेब्रुवारी २००१ रोजीं अखेरच्या फेरींत त्यांची गाडी भिंतीवर आदळली व त्यांचा अंत झाला. त्यांच्याच चमूचा एक चालक त्या क्षणीं पहिला येत होता आणि त्यांचा मुलगा दुसरा. पुढील आठवड्यापासून शर्यतीची तिसरी फेरी लागली कीं प्रेक्षक तीन बोटें उंच करीत. दूरचित्रवाणीवरील निवेदकहि त्या फेरीपुरते मौन पाळीत. हा क्रम वर्षभर चालला. ज्यांनीं त्यांची हुर्यो केली होती, त्यांचेहि हात त्यांत वर होत असतील. वैर मरणापर्यंतच, हें आपल्याकडील जुनें शहाणपण तेथेंहि ओळखीचें होतें, असें म्हणावयाचें. गाडीचे मालक रिचर्ड चाइल्ड्रेस यांनीं ३ हा आंकडा बाजूस ठेविला; तो या मानाच्या शर्यतींत पुन्हां दिसला तो २०१४ सालीं, त्यांच्या नातवाच्या गाडीवर.

येथवरची हकीकत कोणासहि हृद्य वाटेल. परंतु खरें स्मारक पुढेंच आहे. आदल्या वर्षीं, २००० सालीं, याच संस्थेच्या गाड्या चालवितांना तीन चालक अपघातांत मरण पावले होते. डोकें व मान सांवरून धरणारें साधन तेव्हांहि उपलब्ध होतें. पण फारच थोडे तें वापरीत, आणि अर्नहार्ट त्या थोड्यांत नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत असें साधन सक्तीचें झालें, आणि २००२ पासून शर्यतीच्या भिंतींना आघात शोषून घेणारें आवरण बसूं लागलें. पुढील वीस वर्षांत त्या मानाच्या शर्यतमालेंत एकाहि चालकाचा बळी गेला नाहीं.

तिघांच्या मरणानें जें झालें नाहीं, तें एका लोकप्रिय वीराच्या मरणानें झालें, ही गोष्ट मनुष्यस्वभावास भूषणावह नाहीं. तरीहि तींत घेण्यासारखें आहे. आपल्या घराघरांत तसबिरीस हार चढतो, पुण्यतिथीस पान वाढलें जातें. तें सर्व योग्यच. पण ज्या हयगयीनें आपलें माणूस गेलें, ती हयगय घरांत तशीच नांदत असेल, तर त्या हाराचा अर्थ काय? तीन बोटें वर करणें सोपें होतें. डोक्यास पट्टा बांधावयास लावणें अवघड. प्रेमाची कसोटी त्या अवघड कामांतच लागते, असें आम्हांस वाटतें.