आपण जिंकलो, ते हरले

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, हे आम्ही गेली तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहोत. बोलणारा आणि त्याची मंडळी एवढ्यांनाच धरते ते ‘आम्ही’. ऐकणाऱ्यालाही पोटात घेते ते ‘आपण’. हा भेद समजावून सांगताना शिक्षकाची पुष्कळ खडूपूड खर्ची पडते, पण आमच्या मुलांना तो एका उदाहरणात कळतो. भारताने सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच कानी येते, ‘सर, आपण जिंकलो!’ हरला की तीच मुले मान खाली घालून म्हणतात, ‘सर, ते हरले.’ एका रात्रीत प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष कसा होतो, याचा नियम मोरो केशव दामल्यांच्या एवढ्या जाडजूड व्याकरणातही आम्हांला सापडलेला नाही. मुलांना हसावे, तर हे व्याकरण आमच्या घरी दोन पिढ्या चालत आलेले आहे. या महिन्यात त्याचीच कबुली वाचकांपाशी द्यावयाची आहे.

आमचे गाव हळर्ण. पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने येथला किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला आणि त्या विजयाबद्दल हळर्णचा मार्क्विस हा किताब मिळविला. जिंकणारा गावाचे नाव लिस्बनला घेऊन गेला, हरलेला गाव इथेच राहिला. तेव्हा पराभवाची ओळख आपल्या मातीला जुनी आहे, असे आमचे वडील थट्टेने म्हणत. थट्टेनेच म्हणत, कारण एरव्ही पराभव त्यांना मुळीच सोसत नसे.

वडील प्राथमिक शिक्षक. गोवा मुक्तीनंतर गावोगाव ज्या सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत त्यांची नेमणूक झाली. गावात त्यांचे नाव ‘मास्तर’ एवढेच. पगारातून शिल्लक टाकून त्यांनी एक ट्रान्झिस्टर घेतला होता, आणि त्याच्या शेजारी एक जाड वही असे. लघुलहरींवरून, खरखरीतून जे ऐकू येई, ते धावफलकाच्या रूपाने त्या वहीत उतरे. अक्षर वळणदार, रकाने पट्टीने आखलेले. वहीतली सर्वांत सुंदर पाने १९७१ची आहेत. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरविले ते वर्ष. सुनील गावसकरांच्या ७७४ धावा सर्वांनाच पाठ असतात. पण आमच्या वडिलांनी लाल शाईने अधोरेखित केले होते ते दिलीप सरदेसाईंचे नाव. सरदेसाई मडगावचे. त्या मालिकेत त्यांच्या ६४२ धावा. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी अवस्था असताना त्यांनी जी २१२ धावांची खेळी उभारली, तिच्या पुढे वडिलांनी फक्त ‘गोंय’ एवढाच शब्द लिहून ठेवला आहे.

त्याच वर्षी ऑगस्टात ओव्हल. चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला, आणि २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. तो दिवस गणेशचतुर्थीचा. तिकडे आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर फिरविली. इकडे आमच्या घरी माटोळीखाली आरती खोळंबली होती, कारण यजमान ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. आम्ही तेव्हा रांगत होतो. ही हकीकत आमच्या थोरल्या ताईकडून ऐकलेली. विजयाचे वृत्त ऐकताच वडील ‘आपण जिंकलो’ म्हणत उठले आणि दोन्ही आरत्या एकदम म्हणू लागले, असे ती अजूनही हसून सांगते.

आता १९७४ची पाने. जून महिना, लॉर्ड्स. इंग्लंडच्या ६२९. भारताच्या ३०२, आणि फॉलोऑन. शनिवारी खेळ संपला तेव्हा बिनबाद दोन. रविवार विश्रांतीचा. सोमवारी, २४ जूनला, आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास खेळ सुरू झाला आणि सव्वा तासाच्या आसपास सर्व काही संपले. सतरा षटकांत ४२ धावा. ओल्डचे पाच बळी, आर्नोल्डचे चार. जायबंदी चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकला नाही. दोन आकडी धावा एकट्या एकनाथ सोलकरच्या, नाबाद १८. बाहेर पाऊस कोसळत होता. वहीतल्या त्या पानावर अक्षर प्रथम नेहमीसारखे वळणदार आहे, मग ते घाईचे होत जाते, आणि शेवटची तीन नावे तर कशीबशी खरडलेली आहेत. बेरीज केलेलीच नाही.

त्याच संध्याकाळी वडिलांनी एक पोस्टकार्ड लिहिले. वर पत्ता: अजित वाडेकर, कर्णधार, मुंबई. आत मजकूर कडक होता. देशाची अब्रू आपण लॉर्ड्सवर उधळली, आता खेळणे सोडावे, अशा आशयाचा. सहसा मुलांनाही ‘अरे’ म्हणून न रागावणारा माणूस. पण त्या दिवशी लेखणीने ताबा सोडला. ताई तेव्हा नऊ वर्षांची. छत्री घेऊन ती भर पावसात पेटीत कार्ड टाकून आली.

त्या पंधरवड्यात असे कार्ड लिहिणारे आमचे वडील एकटेच होते असे नाही. संघ तीन कसोट्या हरून परतला तेव्हा मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या आमच्या वाचकांना ठाऊक असेल, १९७१च्या विजयाची स्मृती म्हणून त्यांच्या शहरात काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारलेली होती. १९७४मध्ये लोकांनी तिला काळे फासले. बॅट तीच, लोकही बहुधा तेच. ज्या कर्णधाराने लागोपाठ तीन मालिका जिंकून दिल्या, त्याला पुढे पश्चिम विभागाच्या संघातही जागा मिळाली नाही, आणि तेहेतीस वर्षांच्या वयात त्याने खेळ सोडला. आमच्या वडिलांच्या कार्डातली इच्छा अशी अक्षरशः पुरी झाली.

‘अहो, हा तर खेळ आहे, त्यात एवढे काय मनाला लावून घ्यायचे,’ असे म्हणणाऱ्यांच्या पक्षाचे आम्ही नाही. हा उपदेश करणाऱ्याने कधी शेवटच्या षटकात श्वास रोखून धरलेला नसतो. भक्ताची निराशा खरी असते. खेड्यातल्या माणसाला जगाच्या पटावर आपले म्हणावे असे फार थोडे असते, आणि ते ४२ धावांत कोसळले तर घर पडल्यासारखे वाटणारच. आमचा प्रश्न त्या दुःखाचा नाही, त्याचे पुढे काय होते त्याचा आहे. दुःख करीत बसण्यापेक्षा कोणाला तरी दोषी ठरविणे सोपे जाते. १९७१चा दौरा इंग्लिश उन्हाळ्याच्या उत्तरार्धात होता, १९७४चा पूर्वार्धात. त्या वेळच्या गार, ओल्या हवेत चेंडू कसा वळतो, हे वडिलांना कळत नव्हते असे नाही. वहीच्या समासात त्यांनी स्वतःच ‘ढगाळ’ असे टिपले आहे. पण कार्ड लिहिताना समास कोण वाचतो?

त्याहून अधिक आम्हांला खटकते ते पुढले पान. बर्मिंगहॅमच्या तिसऱ्या कसोटीचे रकाने आखलेले आहेत आणि कोरे आहेत. वडिलांनी ट्रान्झिस्टर लावलाच नाही. त्या कसोटीत सुधीर नाईक प्रथमच भारताकडून खेळला आणि दुसऱ्या डावात त्याने ७७ धावा केल्या. भारत हरला, डावाने हरला. तरीही पहिल्याच कसोटीतल्या त्या ७७ धावा कोणीतरी लिहून ठेवावयास हव्या होत्या. आमच्या घरच्या वहीत त्या नाहीत.

१३ मार्च १९९६ची रात्र आम्हांला प्रत्यक्ष आठवते. विश्वचषकाचा उपान्त्य सामना, कोलकाता. श्रीलंकेच्या २५१. एक बाद ९८वरून आपण आठ बाद १२०वर आलो, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसने पेटविली, आणि क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्या संघाचे व्यवस्थापक होते अजित वाडेकर. दूरदर्शनच्या पडद्यावर एकदा ते क्षणभर दिसले. आम्ही तावातावाने काही बोलत होतो. वडील खुर्चीत स्वस्थ बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘‘माझे ते कार्ड त्यांना मिळाले असेल का रे?’’ आम्ही म्हटले, ‘‘बाबा, हजारो पत्रांत एक.’’ ते म्हणाले, ‘‘हजारांतले एक असले म्हणून काय झाले, ते मी लिहिले ना?’’ १५ ऑगस्ट २०१८ला वाडेकर गेले. दुसऱ्या दिवशी ती बातमी वडिलांनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतली. कार्डाचा विषय मात्र काढला नाही. पुढल्या वर्षी तेही गेले.

एवढे डोळ्यांदेखत घडल्यावर मुलाने शहाणे व्हावे की नाही? पण ऐका.

१७ ऑक्टोबर २०२४. गुरुवार. बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी. पहिला दिवस पावसात वाहून गेलेला. ढगाळ हवेत आपण नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि ४६ धावांत सर्व बाद झालो. पाच जण शून्यावर. मायदेशातली भारताची ही नीचांकी धावसंख्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही टेबलावर हात आपटून म्हणालो, ‘‘लक्ष नाही, जबाबदारीची जाणीव नाही, पोटे भरली आहेत यांची!’’ ‘यांची’ म्हटले, याकडे सुज्ञ वाचकांचे लक्ष गेलेच असेल. मग घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासावयास बसलो.

आठवड्याने आठवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. काजूच्या बागेत मजुरीला जाणारी बाई. मुलाचा पेपर पुढे ठेवून संकोचाने म्हणाली, ‘‘सर, भुरग्यान कितें चूक केल्या?’’ आम्ही पेपर पाहिला. निबंध साधा होता, पण वाईट नव्हता. आमच्या लाल शाईत खाली शेरा होता: ‘लक्ष नाही. जबाबदारीची जाणीव नाही.’ शब्द ओळखीचे वाटले. तारीख पाहिली आणि मग त्या दिवसाचा सगळा गठ्ठा मागवून घेतला. पन्नाशी उलटलेल्या, एम्. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने न्यूझीलंडचा राग बत्तीस मुलांवर काढला होता! सर्व उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. त्या मुलाचे तीन गुण वाढले, काहींचे त्याहून अधिक. वर्गात जाऊन चूक आमची होती असे सांगितले. का झाली, तेही सांगितले. आमच्या नोकरीत हे प्रथमच घडत होते आणि घसा कोरडा पडला होता.

तो मुलगा उभा राहिला. आम्हांला वाटले, आता काही तरी मोठे बोलेल. तो म्हणाला, ‘‘सर, पण तुमी दुसरो डाव पळयलो मू? सर्फराजान दीडशें मारले.’’

आम्ही पाहिला नव्हता. ४६ नंतर आम्ही ‘त्यांचे’ तोंड पाहावयाचे नाही असे ठरविले होते. दुसऱ्या डावात भारताने ४६२ धावा केल्या होत्या, सर्फराज खान १५०, ऋषभ पंत ९९. सामना गेला तो गेलाच, पण ४६चा संघ तीन दिवसांत ४६२ करतो हे दृश्य आम्ही रागाच्या भरात घालविले. २०२०च्या डिसेंबरातही असेच झाले होते. अ‍ॅडलेडला ३६ धावांवर संघ कोसळला, आम्ही टीव्ही बंद केला, आणि दहा दिवसांत मेलबर्नला अजिंक्य रहाणे याने ११२ धावा करून सामना फिरविला, तो आम्ही वर्तमानपत्रात वाचला. घरी येऊन वडिलांची वही काढली आणि बर्मिंगहॅमचे कोरे पान बराच वेळ पाहत बसलो.

पुण्याची कसोटी मग आम्ही पाहिली. हरलो. मुंबईची तिसरी, ३ नोव्हेंबरला संपली. रविवार आणि भाऊबीज. ताई सकाळीच आली होती. आपल्याला १४७ हव्या होत्या. एका टोकाला पंत, दुसऱ्या टोकाला येणारे आणि जाणारे. ज्याने सहा बळी घेतले तो एजाज पटेल मूळचा मुंबईचा, त्याच शहरात जन्मलेला. हे एक आणखी. स्वयंपाकघरातून दोनदा हाक आली, पाने वाढून झाली, तरी आम्ही उठलो नाही. पंत ६४वर बाद झाला. १२१ला डाव संपला. पंचवीस धावांनी हरलो. मायदेशात तीनही सामने गमावले. वहीत शेवटचे नाव लिहून आम्ही बेरीज केली.

ताई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, ‘‘काय, आता रोहितला कार्ड घालणार?’’

आम्ही वडिलांचे १९९६चे बोलणे तिला सांगितले. हे तिला ठाऊकच नव्हते. ती पाटावर बसली आणि म्हणाली, ‘‘अरे, ते कार्ड पोचले नसणार. छत्री उलटी झाली होती. पेटीपाशी जाईतो शाई पसरून पत्त्याचे नुसते निळे डाग उरले होते. तसेच टाकले. बाबा रागावतील म्हणून घरी बोलले नाही.’’

पन्नास वर्षे तिने हे पोटात ठेवले होते. आम्ही विचारले, ‘‘मजकूरही पुसला होता का?’’

‘‘मजकूर पेन्सिलीने होता,’’ ताई म्हणाली. ‘‘तो चांगला वाचता येत होता. चल, आमटी निवली.’’